जाळीला पैकीच्या पैकी, पेटीच्या तळाला काठावर पास

सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एका वर्कशॉपने मापाप्रमाणे बनवलेल्या, झाडं लावायच्या तीन पत्र्याच्या पेट्या आणि त्यांच्यामागचा नऊ फुटी आडोसा, असं हे काम. जागा घरापुढची, तोंड पश्चिमेला, खाली शहाबादी फरशी.

आडोसा उत्तम झालाय. ४० बाय ४० मिमीचा, २ मिमी जाडीचा चौकोनी पाइप, तीन-तीन फुटांच्या चौकटी आणि त्यात लेझरने कापलेली जाळी. साधारण एक तृतीयांश भाग मोकळा ठेवलाय आणि तोच शहाणपणा आहे. सरसकट पत्रा ठोकला की वळवाच्या वाऱ्यात त्याचं शीड होतं आणि खांब मुळापासून हलतात. रस्त्यावरून बघणाऱ्याला आत काही दिसत नाही, हवा मात्र खेळते.

आडोशाचे खांब मात्र सुरुवातीला फरशीवरच बेसप्लेट (खांबाखालची लोखंडी पट्टी) ठेवून अँकर बोल्टने आवळायचा वर्कशॉपचा बेत होता. शहाबादी तडकते, पकड काही मिळत नाही. फरशी कापून दोन फूट खोल काँक्रीटच हवं; सोलापूरची काळी माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते, त्यामुळे उथळ पाया वर्षभरात कलतो. हे आधीच सांगा, नंतर जादा पैसे लावतात.

पेट्या ३ फूट लांब, सव्वा फूट रुंद, दीड फूट उंच, १८ गेज जीआय (जस्त चढवलेल्या) पत्र्याच्या. वरची दोन इंच सोडली तर प्रत्येकीत साधारण १४० लिटर माती मावते. बाहेरची पावडर कोटिंग सुबक आहे. उलटी करून पाहिली की खरं कळतं: वेल्डिंगच्या रेषेवर जस्त जळून गेलंय आणि आतून त्यावर साधा रंग मारलाय. गंज तिथूनच सुरू होणार. त्या रेषांवर झिंकचा प्रायमर आणि वर डांबरी रंगाचे दोन हात द्यायला लावा. पाय दोन इंच उंच हवेत, इथे सपाट तळ थेट फरशीवर टेकलाय. पाणी निघायला भोकं चारच, तीही ६ मिमीची. १२ मिमीची सहा तरी हवीत, वर शेडनेटचा तुकडा.

पश्चिमेच्या उन्हात पत्रा तापतो आणि कडेची मुळं भाजतात. त्या बाजूला आतून अर्धा इंच थर्माकोल लावला की पुरे. नळाला रोज पाणी न येणाऱ्या गावात ओल धरणाऱ्या कोकोपीटला (नारळाच्या काथ्याचा भुसा) पर्याय नाही: लाल माती दोन भाग, शेणखत एक, कोकोपीट एक, वर मूठभर निंबोळी पेंड. काळी माती भरू नका. सुकली की कडेपासून सुटते आणि पाणी फटीतून थेट खाली जातं. अरेका पाम सुचवतील, पण मे महिन्यात इथे त्याची पानं करपतात. बोगनवेल किंवा मधुमालती लावा.

दर पत्र्या-पाइपला किलोवर आणि जाळीला चौरस फुटावर. किलोवर दर असला की जाड पाइप सुचवायचा मोह कुणालाही होतो, तेव्हा वजनाची चिठ्ठी मागून घ्या.