लष्करी नर्स व्हायचंय: बारावीनंतर थेट की बांबोळीहून?

म्हापशाची भाची अडलीय: बारावीनंतर लगेच लष्करी नर्सिंग, की आधी गोव्यातच बांबोळीच्या कॉलेजात बीएस्सी नर्सिंग?

खर्चात लष्कर सरस. शिक्षण, राहणं-जेवण सरकारी, वर विद्यावेतन. बदल्यात सेवेचा करारनामा, शेवटी लेफ्टनंटचा हुद्दा. पण चाळण बारीक! फक्त मुली, बारावी पहिल्याच प्रयत्नात 50 टक्क्यांनी, ‘नीट’ ही वैद्यकीय प्रवेश परीक्षा, पुन्हा लेखी, मुलाखत, वैद्यकीय तपासणी. देशभरात जागा जेमतेम 220.

बांबोळीला कदंबच्या सरकारी बसने घरून ये-जा होते. पदवी आणि नर्स म्हणून नोंदणीनंतर लष्करी नर्सिंगच्या शॉर्ट सर्व्हिसचा, म्हणजे ठरावीक मुदतीच्या नोकरीचा अर्ज. 2023च्या जाहिरातीत वय 21 ते 35 होतं. ही भरती दरवर्षी निघेलच असं नाही. तोवर इथल्या इस्पितळांत अनुभव मिळतो.

जिचं गणवेशाचं पक्कं ठरलंय तिने नीटला बसावं. जिचं घर सोडायला मन घेत नाही तिने बांबोळी धरावी.