हॉफस्टेडचं कंट्री कंपॅरिझन टूल: ऑनसाइटला जाण्याआधी बघाच, पण आकडा माणसाला चिकटवू नका

पुण्यातल्या आयटीवाल्यांसाठी लिहितोय, खास करून ज्यांचा क्लायंट जर्मन किंवा डच आहे त्यांच्यासाठी. वेबसाइट उघडायची, दोन-तीन देश निवडायचे, की त्या देशांच्या संस्कृतीच्या सहा बाजूंचे आकडे पट्ट्यांमध्ये शेजारी शेजारी दिसतात, पैसे लागत नाहीत. नवीन प्रोजेक्ट सुरू झालं की मी टीमला हे उघडून दाखवतो आणि त्यावर जेवढी चर्चा होते तेवढी कुठल्याच ट्रेनिंगच्या पीपीटीवर होत नाही.

आकडे आले कुठून ते आधी सांगतो. खेर्ट हॉफस्टेड हे डच सामाजिक मानसशास्त्रज्ञ, 2020 मध्ये गेले. ते आयबीएममध्ये होते आणि 1967 ते 1973 च्या दरम्यान कंपनीने देशोदेशीच्या कर्मचाऱ्यांकडून भरून घेतलेले 1 लाखाहून जास्त फॉर्म त्यांनी अभ्यासले. कंपनी एकच, कामंही साधारण सारखी, मग उत्तरांत जो फरक उरतो तो देशामुळे असणार असा त्यांचा विचार. त्यातून चार बाजू निघाल्या, पाचवी मायकेल बाँड या संशोधकाच्या कामातून आली आणि 2010 मध्ये मायकेल मिन्कोव्ह या दुसऱ्या संशोधकामुळे सहावी.

माझ्या मते पॉवर डिस्टन्ससाठी तरी हे टूल बघाच. वरच्याच्या हातात जास्त सत्ता असणं खालच्यांना कितपत साहजिक वाटतं त्याचा हा आकडा, भारत 77, नेदरलँड्स 38, जर्मनी 35. आता कॉलवर काय होतं बघा. डच टीममधली नुकतीच जॉइन झालेली मुलगी सगळ्यांसमोर तिच्या मॅनेजरला म्हणते हा प्लॅन चालणार नाही, मॅनेजर शांतपणे विचारतो मग काय करूया, आणि इकडे पुण्यात सगळे चिडीचूप, कारण आपल्याकडे याला उर्मटपणा म्हणतात. उलट आपला लीड म्हणतो "हो, बघतो, होऊन जाईल" आणि तिकडचा माणूस तो पक्का होकार समजून तारीख लिहून टाकतो, मग तारीख हुकली की दोन्हीकडे राग. खोटं कोणीच बोललेलं नसतं! हे दोन आकडे शेजारी ठेवून बोललं की टीममधल्या पोरापोरींना पटतं की समोरचा आपला अपमान करत नाहीये, आणि मग तीही हळूहळू मीटिंगमध्येच "हे जमणार नाही" म्हणायला लागतात. मला याचं फार मोल वाटतं.

दुसरी कामाची गोष्ट म्हणजे आपण "युरोपवाले" म्हणून सगळ्यांना एकत्र धरतो ते इथे मोडून पडतं. यश आणि स्पर्धा किती महत्त्वाची हे मोजणारी जी बाजू आहे (आधी तिला मस्क्युलिनिटी म्हणायचे, आता नाव बदललंय) तिथे जर्मनी 66 आणि नेदरलँड्स फक्त 14, आणि हे देश एकमेकांना लागून आहेत. डच लोकांत पार्ट-टाइम काम करणाऱ्यांचं प्रमाण युरोपात सगळ्यात जास्त, मुलांसाठी आठवड्यातला एक दिवस घरी राहणारे बाप तिथे सर्रास दिसतात आणि म्हणून कोणी त्यांना कामचुकार म्हणत नाही. भाषा एक असली की स्वभाव एक असंही नाही, ऑस्ट्रियातही जर्मनच बोलतात, पण तिथला पॉवर डिस्टन्स 11 आहे.

आता जिथे सांभाळून वापरायचं ते. भारताला एकच आकडा आहे, नागपूर, कोची, शिलाँग सगळं त्या 77 मध्ये, आणि ते मला अजिबात पुरेसं वाटत नाही. मूळ डेटा एका कंपनीच्या नोकरदारांचा, त्यात शेतकरी नाही, घर सांभाळणारी बाई नाही. ब्रेंडन मॅकस्वीनी या अभ्यासकाने 2002 मध्ये यावर कडक टीका केली होती आणि त्यात मला तथ्य वाटतं. शिवाय आकडे तुलनेचे आहेत, एकट्या 77 ला काही अर्थ नाही, आणि एखाद्या माणसावर ते लावायचे नाहीत हे खुद्द हॉफस्टेडच सांगायचे. तरी लोक करतातच, अनसर्टन्टी अव्हॉइडन्स (अनिश्चितता किती नकोशी वाटते ती बाजू) बघून "तो जपानी आहे ना, अनसर्टन्टी अव्हॉइडन्स 92, म्हणजे रिस्क घेणारच नाही" असं कोणाबद्दल भेटायच्या आधी ठरवणं मला चुकीचं आणि त्या माणसावर अन्याय करणारं वाटतं.

इंडल्जन्सच्या (मौजमजेला, इच्छांना किती मोकळीक) पट्टीचा कामात मला फारसा उपयोग झाला नाही. इंडिव्हिज्युअलिझमचे (माणूस आधी स्वतःचा विचार करतो की आपल्या गटाचा) आकडे मधे बदललेत, जुन्या लेखांत भारत 48 दिसेल, त्यामुळे प्रेझेंटेशनमध्ये टाकताना वेबसाइटवरचा आताचा आकडा बघून टाका.

रेटिंग 5 पैकी 4. ज्यांना अजून खोलात जायचंय त्यांनी सोबत वर्ल्ड व्हॅल्यूज सर्व्हे उघडा, 1981 पासून चालू आहे, तोही फुकट, आणि तिथे सामान्य लोकांना विचारलेला एकेक प्रश्न देशानुसार बघता येतो, उदाहरणार्थ बहुतेक लोकांवर विश्वास ठेवता येतो का, किंवा मुलांना घरी काय शिकवावं, आज्ञा पाळणं की स्वतंत्र राहणं. वेळ लागतो पण पट्ट्यांपेक्षा त्यातून जास्त कळतं.