काही महिने अदरवर्ल्डमध्ये: मार्व्हलच्या कॉमिक्समधलं केल्टिक पाताळ

कॅप्टन ब्रिटन या ब्रिटिश सुपरहिरोच्या जुन्या गोष्टींपासून एक्स-मेनच्या २०२० मधल्या 'एक्स ऑफ स्वोर्ड्स'पर्यंत, मार्व्हलमध्ये जिथे जिथे अदरवर्ल्ड येतं ते सगळं मी गेले काही महिने वाचतेय. सोबत मॅबिनोगी या वेल्सच्या मध्ययुगीन कथांचं इंग्रजी भाषांतरही ठेवलं होतं. एवढ्या काळानंतर नुसतं 'छान आहे' म्हणून भागणार नाही, कारण यातलं काही दुसऱ्याच वाचनात फिकं पडलं आणि काही मात्र अजून मनातून जात नाही.

आधी मूळ पाताळाबद्दल, कारण ते माहीत असेल तर या कॉमिक्सचा स्वादच बदलतो. वेल्श कथांमधलं अन्नून म्हणजे नरक नव्हे. तिथे ज्वाळा नाहीत, यातना नाहीत. आपल्याकडे बळीराजा पाताळात राज्य करतो आणि लोक त्याचं राज्य येवो म्हणतात, तसा अराउन हा अन्नूनचा सभ्य, वचनाला जागणारा राजा. डिव्हेडचा राजपुत्र पुइल शिकारीत अराउनच्या लाल कानांच्या शुभ्र कुत्र्यांना हाकलून त्यांनी मारलेल्या हरणावर आपले कुत्रे सोडतो. या आगळिकीची भरपाई म्हणून दोघं वर्षभरासाठी रूप आणि राज्य बदलतात. पुइलला अराउनचा शत्रू हावगान याच्याशी लढायचं असतं, पण अट एकच: घाव एकदाच घालायचा. दुसरा घातला की तो पुन्हा पहिल्यासारखा उभा राहतो. वर्षभर पुइल अराउनच्या राणीशेजारी झोपतो, पण पाठ फिरवून. इकडे अराउनने डिव्हेड इतकं चांगलं चालवलेलं असतं की परतलेल्या पुइलला प्रजा म्हणते, असाच कारभार चालू ठेवा.

याच जगाचा वारसा सांगणारं अदरवर्ल्ड मार्व्हलमध्ये सगळ्या विश्वांच्या चौकात उभं आहे. १९७६ मध्ये आलेल्या पहिल्या कथेत ब्रायन ब्रॅडॉकसमोर (हाच पुढे कॅप्टन ब्रिटन होतो) ताईत आणि तलवार ठेवून निवड करायला सांगतात. तो ताईत निवडतो. मला तो प्रसंग अजूनही आवडतो, कारण शक्तीआधी कसोटी येते. खरा बहर मात्र १९८२ ते १९८४ मधल्या ॲलन मूर आणि ॲलन डेव्हिस यांच्या गोष्टींत आहे. ब्रायन मरतो, आणि जादूगार मर्लिन व त्याची मुलगी रोमा त्याला अदरवर्ल्डमध्ये नव्याने घडवतात. पुढे सगळ्या विश्वांवर देखरेख करणारी अधिकारी सॅटर्नाइन हिच्यावर खटला चालतो. विश्वाविश्वांचे कॅप्टन एकत्र येतात. मार्व्हलच्या मुख्य विश्वाचा ६१६ हा क्रमांकही याच ब्रिटिश गोष्टींतला. डेव्हिसची रेषा मूळ काळ्या-पांढऱ्या छपाईत जास्त खुलते. नंतर रंगवलेल्या आवृत्तीत दरबाराच्या चित्रांतली सखोलता हरवते असं माझं मत आहे.

अन्नूनमधली शांतता मात्र या दरबाराला नाही. इथे अधिकारी आहेत, पदं आहेत, कामकाज आहे. पण कायदा आहे, आणि तो मोडल्याची किंमत मोजावी लागते. अराउनच्या राज्याशी असलेलं हे नातं मला वेशभूषेपेक्षा मोलाचं वाटतं.

'एक्स ऑफ स्वोर्ड्स' हे बावीस प्रकरणांचं प्रचंड काम आहे. जोनाथन हिकमन आणि टिनी हॉवर्ड हे त्याचे सूत्रधार. क्राकोआ हे म्युटंटांचं (जन्मजात अचाट शक्ती असलेल्यांचं) बेट-राष्ट्र आणि त्यापासून दुरावलेलं अराक्को यांच्यातर्फे दहा-दहा तलवारी, आणि सामना अदरवर्ल्डमध्ये. त्यात अदरवर्ल्डचा नकाशाच दिलाय: ॲव्हलॉन, सेव्हॅलिथ, ड्रायडॉर, ब्लाइटस्पोक, क्रूकेड मार्केट. सुरुवातीला नकाशा भुरळ घालतो, पण ती टिकत नाही. बरीच राज्यं नावापुरती उरतात, तिथे कोण जगतं, काय खातं, कुणाला भितं हे कळतच नाही. तलवारी गोळा करण्याची प्रकरणंही लांबलेली वाटतात.

सामन्यांचा भाग मात्र पुन्हा पुन्हा वाचावासा वाटला. सगळे तलवारी परजून येतात आणि सॅटर्नाइन कुणाला पंजा लढवायला लावते, कुणाचं चक्क लग्न लावते. अनेकांना हा भाग पोरकट वाटला असेल. मला यात हावगानची ती एका घावाची अट दिसते. पाताळात आपली ताकद आपल्या नियमांनी चालत नाही, हे यापेक्षा चांगलं कसं दाखवणार?

सगळ्यात मोठी गोष्ट मरणाची. क्राकोआच्या काळात म्युटंटांनी मृत्यूवर मात केली होती. मेलं की नवं शरीर आणि साठवलेलं मन, म्हणजे पुन्हा तोच माणूस. मग रॉकस्लाइड हा तरुण म्युटंट अदरवर्ल्डमध्ये मरतो. त्याला परत आणलं जातं, पण जो येतो तो आपला रॉकस्लाइड नसतोच. गॉर्गन या दुसऱ्या म्युटंटाचंही तेच होतं. मॅबिनोगीच्या दुसऱ्या शाखेत, म्हणजे दुसऱ्या भागात, एक कढई आहे. तिच्यात टाकलेला मेलेला योद्धा दुसऱ्या दिवशी लढायला उठतो, पण त्याची वाचा गेलेली असते. परत येता येतं, अख्खं नाही. मरण स्वस्त करून बसलेल्या सुपरहिरो कॉमिक्सला अदरवर्ल्डने मरणाचं वजन परत दिलं. माझ्यासाठी एवढ्या एका गोष्टीसाठी हा सगळा पसारा वाचण्यासारखा आहे. दुःख एवढंच की रॉकस्लाइडच्या मित्रांचा शोक उरकून टाकलाय. तिथे आणखी पानं हवी होती, तलवारींच्या शोधातली चार कमी चालली असती.

वाचायचा क्रम विचाराल तर मूर-डेव्हिसपासून सुरू करा. त्यानंतर २०१९ मध्ये सुरू झालेलं टिनी हॉवर्डचं 'एक्सकॅलिबर' घ्या, कारण ब्रायनची बहीण बेट्सी ब्रॅडॉक कॅप्टन ब्रिटन कशी होते आणि ॲव्हलॉनच्या गादीवर तिचा भाऊ जेमी कसा बसतो हे तिथे कळतं. मग 'एक्स ऑफ स्वोर्ड्स'. टॅबलेटवर वाचत असाल तर तो आडवा धरा, दोन पानांवर पसरलेली चित्रं तुकड्यांत पाहू नका. आणि मधे कुठेतरी पुइल आणि अराउनची गोष्ट नक्की वाचा. एका बैठकीत होते.