इन्कम टॅक्स रिटर्न घरी भरायचं की सीएकडे द्यायचं? दोन्ही करून बघितल्यावर

गेल्या सीझनला आमच्या घरात दोन्ही प्रकार झाले. आप्पांचं रिटर्न मी स्वतः पोर्टलवर भरलं आणि माझं कणकवलीच्या सीएकडे दिलं. आता बरेच महिने झालेत, दोन्हीची १४३(१) ची इंटिमेशन (रिटर्न तपासून विभाग पाठवतो ती सूचना) पण कधीच आलीय, म्हणून लिहितोय.

आप्पा रिटायर्ड मास्तर, पेन्शन आणि एफडीचं व्याज, बास. फॉर्म साधा, आयटीआर-१. पेन्शनचा आकडा आधीच भरून येतो, नव्या रिजिममध्ये पेन्शनवाल्यांना पण ७५,००० चं स्टँडर्ड डिडक्शन (ठोक वजावट) मिळतं, एआयएस (विभागाकडे असलेली आपल्या कमाईची यादी) उघडून व्याज ताडून बघायचं की झालं. फक्त पतपेढीचं व्याज त्यात दिसेना, ते पासबुकावरून मी हाताने घातलं. एआयएसमध्ये नाही म्हणजे टॅक्स नाही असं आमच्या वाडीत निम्म्या लोकांना वाटतं, तसं काही नसतं हो. खरा वैताग ओटीपीचा. पावसात रेंज गायब, ओटीपी येईपर्यंत पोर्टल बाहेर काढतं, शेवटी आप्पांचा मोबाईल घेऊन सड्यावर गेलो आणि तिथून ई-व्हेरिफाय केलं, म्हणजे रिटर्न आपलंच अशी ओटीपीने खात्री दिली (३० दिवसांत करावंच लागतं, नायतर भरलेलं धरत नाहीत).

माझी भानगड वेगळी. देवगडला हापूसची कलमं आणि घराला लागून पर्यटकांसाठी दोन खोल्या. शेतीला टॅक्स नाही मग सीए कशाला, असं सगळे म्हणतात. पण शेतीचं उत्पन्न ५,००० च्या वर गेलं की आयटीआर-१ पण चालत नाही आणि छोट्या धंद्याचा सोपा आयटीआर-४ पण नाही. म्हणजे खोल्यांचा धंदा ४४एडी कलमाखाली उलाढालीच्या ८ टक्के, यूपीआय-बँकेतून आलेल्यावर ६ टक्के नफा धरून सरळ दाखवता येत असला तरी आंब्यामुळे फॉर्म लागतो आयटीआर-३, आणि तो बघितलात तर घाम फुटेल. वर आंब्याचं उत्पन्न करमुक्त असलं तरी बाकीच्या कमाईवरच्या टॅक्सचा दर काढताना ते हिशोबात धरतात. शेतीचं निव्वळ ५ लाखांच्या पुढे गेलं तर जमीन किती एकर, स्वतःची की खंडाची, पाण्याखालची की पावसावरची, हे पण भरायचं. आमचा सातबारा सामाईक, हिस्सेदार मुंबईला, म्हणजे माझ्या हिश्श्याचं तेवढंच काढायला हवं.

सीएने वाशी मार्केटच्या दलालाच्या पट्ट्या (आंबा विक्रीच्या हिशोबाच्या पावत्या) मागितल्या, फवारणी, राखण, पेट्या, ट्रकभाडं सगळ्याची बिलं मागितली. मला जरा अतीच वाटलं, पण त्याने एक विचारलं ते मला सुचलं नसतं: कॅनिंगला नुसता आंबा दिलात की आमरस काढून डबे भरून विकलेत? आंबा दिला तर शेती, डबे विकले तर त्यातला काही भाग धंद्यात जातो. फी वसूल झाली तिथेच. मुदत १५ सप्टेंबरपर्यंत वाढली होती म्हणून गणपती तरी निवांत झाले.

याच्या आधी ज्याच्याकडे देत होतो त्याने पोर्टलवर माझ्या प्रोफाईलला स्वतःचाच मोबाईल आणि ईमेल टाकून ठेवला होता, विभागाचे मेसेज सगळे त्याला, मला पत्ताच नाही. तुम्ही कोणाकडेही द्या, पण आजच लॉगिन करून तेवढं तपासा आणि पासवर्ड स्वतःकडे ठेवा.

यंदा आप्पांचं परत मीच भरणार. माझ्या पट्ट्यांची फाईल शेवटची गाडी वाशीला गेली की थेट कणकवलीला.