जुना राउटर: कंपनीचं फर्मवेअर की ओपनडब्ल्यूआरटी?

नाशिकच्या सिडकोतलं दुकान, बिलिंग आणि सीसीटीव्ही एकाच जुन्या राउटरवर. कोणतं फर्मवेअर (राउटरच्या आतलं सॉफ्टवेअर) ठेवायचं: कंपनीचं, की ओपनडब्ल्यूआरटी हे मोफत, खुलं फर्मवेअर?

पैसे दोन्हीकडे लागत नाहीत. कंपनीचं सोपं: ॲडमिन पानावरून फाइल चढवायची, थांबायचं. पण मॉडेल जुनं झालं की दुरुस्त्या (पॅच) थांबतात, सुरक्षेतली भोकं उघडीच. ओपनडब्ल्यूआरटीत त्या येत राहतात. मात्र किमान 8 एमबी फ्लॅश (राउटरमधली साठवण), 64 एमबी रॅम हवी, आणि ब्रॉडकॉम चिप असेल तर वायफाय बहुधा रडतं. तळाच्या स्टिकरवरची आवृत्ती बघाच. व्ही1ची फाइल व्ही2वर गेली की राउटरची वीट, म्हणजे तो चालूच होत नाही! फाइल लॅन केबलनेच चढवा, राउटर इन्व्हर्टरवर ठेवून. पावसाळ्यात नाशकात वीज कधी जाईल, नेम नाही.

पॅच येत असतील तर घरी कंपनीचंच बरं. दुकानात, पॅच बंद आणि मॉडेल ओपनडब्ल्यूआरटीच्या यादीत असेल तर तेच टाका. यादीत नसेल तर सरळ नवा घ्या.