अँटिस्टॅटिक पिस्तूल आणि कार्बन ब्रश: काही महिन्यांच्या वापरानंतर

ग्रामोफोन रेकॉर्डवरची स्थिर वीज घालवायला मिळणारं झिरोस्टॅट पिस्तूल खरंच काम करतं. फक्त बरेच जण ते चुकीच्या वेळी वापरतात.

याला बॅटरी लागत नाही, आत पीझो क्रिस्टल, म्हणजे दाबल्यावर वीज तयार करणारे स्फटिक असतात. रेकॉर्डपासून साधारण फूटभर अंतरावर धरून ट्रिगर सावकाश दाबायचा, निदान दोन सेकंद घेऊन. तेव्हा धन आयन सुटतात. तितक्याच सावकाश सोडला की ऋण आयन. 'टक्' आवाज आला तर घाई झाली, तो फेरा फुकट गेला. त्याआधी अ‍ॅम्प्लिफायरचा आवाज शून्यावर आणून ठेवा.

आता वेळेचं. रेकॉर्ड प्लॅटरवर, म्हणजे प्लेअरच्या फिरत्या थाळीवर असताना तिच्यावरचा विद्युतभार खालच्या धातूमुळे दबून राहतो, म्हणून तिथे पिस्तुलाचा परिणाम अपुरा होतो. उचलताना मात्र व्होल्टेज एकदम वाढतं. प्लॅटरवर अंथरलेली फेल्ट मॅट रेकॉर्डला चिकटून वर येते ती म्हणूनच. तेव्हा रेकॉर्ड कडेने धरून हवेत उचला, दोन्ही बाजूंना एकेक फेरा द्या आणि मगच कव्हरमध्ये सरकवा. फेल्टऐवजी कॉर्क किंवा रबराची मॅट घातली तर निम्मी कटकट जाते. जाडी मात्र तेवढीच हवी, नाहीतर टोनआर्मची (सुई धरणाऱ्या दांड्याची) उंची पुन्हा लावावी लागते.

रोजच्या धुळीला कार्बन फायबर ब्रशच. धातूच्या मुठीला बोटं टेकलेली हवीत, तरच भार हातातून निघून जातो. तबकडी फिरत असताना दाब न देता दोन-तीन फेरे ब्रश टेकवा, मग हळूहळू कडेकडे सरकवत बाहेर काढा. ब्रशच्या केसांना बोट लावू नका, तेल लागतं आणि पुढच्या वेळी तेच खोबणीत उतरतं. सुई मात्र मागून पुढेच पुसायची. उलट गेलात तर कँटिलिव्हर, म्हणजे सुई बसवलेली बारीक काडी, वाकतो.

तडतड कशाची हे ओळखायला घड्याळ पुरतं. मिनिटाला ३३⅓ फेऱ्यांच्या गतीला एक फेरा १.८ सेकंदांचा. दर फेऱ्याला त्याच जागी टिक आली तर चरा किंवा घट्ट चिकटलेला कण. वेळी-अवेळी, कुठेही आली तर बहुधा स्थिर वीज. चऱ्यावर पिस्तूल रोखून काही होणार नाही.

जुन्या बाजारातल्या एलपी बहुतेक साध्या कागदी आतल्या कव्हरमध्ये येतात. कागद घासला की भार आणि कागदाचा भुगा दोन्ही तयार, म्हणून पॉलिथिनचं अस्तर असलेली कव्हरं आधी घ्या, पिस्तूल नंतर. विदर्भातल्या कोरड्या हिवाळ्यात त्याचा खरा उपयोग. कोकणात, मुंबईत पावसाळ्यात स्थिर वीज फारशी जाणवत नाही, तिथे भीती बुरशीची. बुरशीला ओली सफाईच लागते: डिस्टिल्ड वॉटर, थोडं आयसोप्रोपिल अल्कोहोल, मऊ ब्रश, लेबल कोरडं. मिनिटाला ७८ फेऱ्यांच्या जुन्या लाखेच्या रेकॉर्डला मात्र अल्कोहोल अजिबात नको, लाख विरघळते.