रिफायनरी की ऑफशोअर? मेंटेनन्सवाल्याच्या नजरेतून

रिफायनरी आणि ऑफशोअर (समुद्रातलं तेल-वायूचं काम) अशा दोन्हीकडच्या ऑफर हातात असलेल्या मेकॅनिकलच्या मुलामुलींसाठी हे लिहितोय. पगार, ग्रेड, भत्ते तुम्ही पाहिलेच असतील. मी आधी रिफायनरीत मेंटेनन्सला होतो, मग अरबी समुद्रातल्या मुंबई हाय या तेलक्षेत्रातल्या प्लॅटफॉर्मवर आलो, आणि अजून तिथेच आहे.

शिकण्याच्या बाबतीत रिफायनरीला तोड नाही. क्रूड युनिट, एफसीसी, हायड्रोक्रॅकर अशी तेलावर प्रक्रिया करणारी युनिटं सगळी एकाच कुंपणात. शटडाऊनला कॉलम (तेलाचे घटक वेगळे करणारा उंच मनोरा) उघडला की मॅनहोलमधून आत शिरायचं, आतले आडवे ट्रे हाताने चाचपायचे. डिस्टिलेशन मला खरं कळलं ते तिथे. प्लॅटफॉर्मवर यंत्रं मोजकीच: गॅस टर्बाइन, कॉम्प्रेसर, विहिरीत पाणी सोडणारे पंप. पण सुटा भाग हवा असला तर बोटीची किंवा हेलिकॉप्टरची वाट बघावी लागते, त्यामुळे बिघाड आधीच ओळखायची सवय लागते.

माझा निर्णय मात्र फोनमुळे झाला. रिफायनरीत एका युनिटचे पंप माझ्याकडे. रात्री दोनला सील गळायला लागलं आणि स्टँडबाय पंप खोललेला असला, की फोन आलाच. रजेवर असलो तरी यायचा, कारण त्या पंपाचा सगळा इतिहास मलाच ठाऊक. घरी गणपतीची आरती चालू, आणि मी मागच्या दारी उभा राहून शिफ्टवाल्याला पंपाच्या भागांमधला क्लिअरन्स, म्हणजे फट किती ठेवायची ते सांगतोय, असं बरेचदा झालं. फोन करणाऱ्याचाही इलाज नसायचा. त्या जागेला माणूसच एक.

ऑफशोअरला जागा एक, माणसं दोन. १४ दिवस रोज बारा तास राबायचं. मग रिलीव्हर उतरतो, आपण चार्ज देतो: कुठलं परमिट (कामाची लेखी परवानगी) चालू आहे, कुठल्या बेअरिंगचं व्हायब्रेशन वाढतंय. पुढचे १४ दिवस ते सगळं त्याने बघायचं. माझा फोन तेव्हा जवळजवळ गप्प असतो.

त्रास तिथेही आहे. पावसाळ्यात हवा बिघडली की जुहूहून हेलिकॉप्टर सुटत नाही आणि आपण बॅग भरून अडकून पडतो. धोक्याचंही खोटं सांगणार नाही. २७ जुलै २००५ ला मुंबई हाय नॉर्थवर जहाज धडकलं, रायझर (समुद्रतळ आणि प्लॅटफॉर्म जोडणारा उभा पाइप) फुटला आणि अख्खा प्लॅटफॉर्म जळाला. म्हणून सर्व्हायव्हल ट्रेनिंगमध्ये पाण्यात उलटवलेल्या केबिनमधून बाहेर पडायला शिकवतात, ते मन लावून करा.

घरी तान्हं बाळ किंवा आजारी आईवडील असतील तर रिफायनरीच बरी. मुंबई हाय किनाऱ्यापासून १६० किलोमीटरवर आहे, अर्ध्या रात्री निघून येता येत नाही. तशी अडचण नसेल तर, माझ्यापुरतं सांगायचं तर, ऑफशोअरकडेच माझा कल राहील. रिफायनरी घेणार असाल तर जॉइन होण्याआधी तिथल्या एखाद्या मेंटेनन्सवाल्याला गाठा आणि रजेवर असताना चार्ज कुणाकडे असतो, ते विचारून घ्या.